रविवारच्या आधी

कऱ्हाड, बुधवार, रात्री

चि. सोनूस,


संध्याकाळी तुझ्या दादाचा फोन आला होता. बोलता बोलता सहज म्हणाला, रविवारी सोनूच्या मैत्रिणीचा भाऊ येणार आहे, लॅपटॉप फॉरमॅट करून देणार आहे. एवढं बोलून तो पुढे घराच्या गळतीकडे वळला. तो काय म्हणाला ते मला नंतर ऐकूच आलं नाही. मग तुझी वहिनी फोनवर आली. तिनं सांगितलं की आठ दिवस तू धड झोपली नाहीस, प्रोजेक्टचा इम्युलेटर सुरू केला की लॅपटॉप गोठतो, मेमरी कमी आहे असा संदेश येतो आणि परवा रात्री तू तिच्याजवळ रडलीस. दादा नवा लॅपटॉप हप्त्यांवर घ्यायचं म्हणतोय. त्याचे आधीचे हप्ते किती उरलेत, ते तुलाही माहीत आहे.

सोनू, रविवारी फॉरमॅट करू नकोस. हे फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज चढेल आणि तू गप्प होशील. गणपतीत झालं होतं तसंच. म्हणून कागदावर लिहितेय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन.

तू दादाला पाठवलेले टास्क मॅनेजरचे तिन्ही फोटो त्यानं मला पाठवले. मी ते वहीत उतरवून घेतले. बसवलेली मेमरी 8 जीबी. हार्डवेअरसाठी राखीव 2.1. म्हणजे विंडोजच्या हाती 5.9. त्यातली वापरात 5.3, उपलब्ध 0.6. आता दुसरा फोटो बघ. ब्राउझर, अँटिव्हायरस, ते मीटिंगचं ॲप, बारीकसारीक सगळं धरून मी बेरीज केली. अडीच जीबीच्या वर जात नाही. विंडोजचं स्वतःचं थोडं असतं, ते धरलं तरी 5.3 होत नाहीत.

मी 36 वर्षं बँकेत काढली, तुला ठाऊक आहे. आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. रंगराजन समितीचा अहवाल 1984 सालचा, त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. त्या यंत्रांवरही सात रुपयांचा फरक निघाला तर रात्री आठ-आठपर्यंत एकेक व्हाउचर तपासत बसायचो. फरक सापडत नाही म्हणून खातेवही फाडून नवी घालू या, असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. तू मात्र बेरीज न करताच वही फाडायला निघालीस, याचा मला राग आला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस. मैत्रिणीच्या भावानं सांगितलं म्हणून?

तुझा फरक कुठे आहे ते पहिल्याच फोटोत आहे. मेमरीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत 'नॉन-पेज्ड पूल' लिहिलंय, त्यापुढे 1.9 जीबी. ही ड्रायव्हरांनी आणि विंडोजच्या गाभ्यानं घेतलेली मेमरी. ती डिस्कवर हलवता येत नाही आणि प्रोसेसेसच्या यादीत कुणाच्या नावावरही दिसत नाही. साधारण लॅपटॉपवर हा आकडा काहीशे एमबीच्या घरात असतो. तुझ्याकडे कुठला तरी ड्रायव्हर मेमरी घेतोय आणि परत करत नाही. अनेकदा तो वायफायचा निघतो, कधी अँटिव्हायरसचा.

आणि सीपीयूच्या पानावरचा 'अप टाइम' वाचलास का? 23 दिवस. दादा म्हणतो, ती रोज रात्री शटडाउन करते. करत असशीलही. पण 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शटडाउन केल्यावर विंडोज आपला गाभा जसाच्या तसा डिस्कवर ठेवतं आणि सकाळी तोच उचलून आणतं. ड्रायव्हरनं अडवून ठेवलेलं सगळंही तसंच परत येतं. शटडाउन नको, 'रीस्टार्ट' कर. आज, हे वाचल्या वाचल्या. मग नॉन-पेज्ड पूलचा आकडा लिहून ठेव. रात्री पुन्हा लिही, उद्या सकाळी पुन्हा. चढत गेला तर बहुधा ड्रायव्हरच. मग ज्या कंपनीचा लॅपटॉप, तिच्याच साइटवरून त्या मॉडेलचा वायफायचा ड्रायव्हर घे. तरी चढला तर मायक्रोसॉफ्टचं 'पूलमॉन' आहे, कुठल्या खुणेखाली मेमरी अडकलीय ते दाखवतं. आपण दोघी बसून बघू.

फॉरमॅट करून काय होईल, ते सांगते. चार दिवस बरं वाटेल. मग विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवेल आणि तू पुन्हा तिथेच येशील. फक्त तेव्हा त्या डिस्कवर काहीच नसेल.

राखीव 2.1 जीबीचं फार मनावर घेऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तो भाग प्रोसेसरच्या पोटातच आहे आणि तो मेमरीतला वाटा आधीच उचलतो. काही लॅपटॉपांत बायोसमधून हा वाटा कमी करता येतो, काहींत येत नाही. तेवढं एकदा विंडोज आणि आर एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' उघड, बूटच्या पानावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि 'मॅक्सिमम मेमरी'पुढे खूण नाही ना, ते पाहा. असली तर काढ. वेग वाढेल असं समजून कुणी तरी ती खूण करतं आणि उलट मेमरी कमी होते.

मैत्रिणीच्या त्या भावानं मेमरी वाढवणारं सॉफ्टवेअर टाकू म्हटलंय, असंही वहिनी म्हणाली. ते टाकू देऊ नकोस. असली सॉफ्टवेअरं चालू प्रोग्रॅमांची पानं जबरदस्तीनं बाहेर हाकलतात, आकडा मोठा दिसतो आणि पुढच्या क्लिकला तीच पानं डिस्कवरून ओढून आणावी लागतात. 1995 साली 'सॉफ्टरॅम 95' नावाचं एक असंच आलं होतं, मेमरी दुप्पट करतो म्हणायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं चौकशी केली, तर तसं काही ते करतच नव्हतं. आणि पेजफाइल बंद करायलाही कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुझ्या फोटोत 'कमिटेड' 9.1 आहे. पेजफाइल गेली की सगळी मर्यादा 5.9 वर येईल, मग प्रोग्रॅम पटापट बंद पडतील.

एवढं सगळं मला कसं सुचतं, असं तुला वाटत असेल. ज्या वेळी सुचायला हवं होतं त्या वेळी सुचलं नाही, सोनू. हे मी घरात कुणालाच नीट सांगितलेलं नाही. दादाला अर्धं माहीत आहे.

आबा कोयना प्रकल्पावर स्टोअरकीपर होते, हे तू ऐकलंयस. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, चार वाजून गेले होते, तेव्हा भूकंप झाला. मी नऊ वर्षांची होते, तुझे बाबा जन्मलेही नव्हते. आबांनी मला गोधडीसकट उचलून बाहेर आणलं, एवढंच मला आठवतं. बाकी सगळं आबांना आठवत होतं. कोण कुठल्या चाळीत होतं, कुणाला कुठल्या ढिगातून काढलं, धरण उभं आहे हे कळेपर्यंत माणसं अंधारात पाण्याच्या आवाजाकडे कान लावून कशी उभी होती. 2000 सालच्या उन्हाळ्यात मी त्यांना घरच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. ते सांगायचे, मी श्रीलिपीत टाइप करायची. 41 पानं झाली होती.

पुढच्या पावसाळ्यात तो कॉम्प्युटर फार हळू झाला. काही उघडलं की डिस्क नुसती घरघरत राहायची. दोन-दोन वेळा बंद पडायचा. बँकेत नव्या प्रणालीचं काम चालू होतं, मी थकून घरी यायची. एका रात्री मी वैतागून तो फॉरमॅट केला. आबांच्या पानांची प्रत फ्लॉपीवर होती. सकाळी फ्लॉपी लावली, तर बुरशी लागलेली. एकही पान उघडलं नाही.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, असू दे, पुन्हा सांगेन. दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली.

कॉम्प्युटर फॉरमॅट करूनही तसाच हळू होता. महिन्याभरानं दुरुस्तीवाल्या मुलानं कॅबिनेट उघडलं, मेमरीची एक पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला आणि दाबून बसवली. सुरू होताना पडद्यावर आकडे मोजले जातात ना, ते 65536 वर थांबले. आधी कित्येक आठवडे ते 32768 वरच थांबत होते. पावसाच्या दमटपणानं पट्टीची जोडणी सुटली होती, अर्धी मेमरी यंत्राला दिसतच नव्हती. तो आकडा रोज माझ्या डोळ्यांसमोरून जात होता, मी बँकेतली बाई, आणि मी तो एकदाही वाचला नाही.

म्हणून तुला रागावले. मघाशी लिहिलं ते खोडत नाही, पण तो राग तुझ्यावरचा कमी आहे, हे तुला आता कळेल.

तुझ्या प्रोजेक्टला 5.9 जीबी कमीच पडणार, हेही खरं आहे. गळती थांबली तरी इम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र ओढेल असं नाही. मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असेल. दोनपैकी एक असं असलं तर आणखी 8 जीबीची पट्टी आपण घालू. नव्या लॅपटॉपच्या मानानं तिची किंमत काहीच नाही, ती माझ्याकडून. दादाला सांगायची गरज नाही. तोवर इम्युलेटरऐवजी फोन जोडून त्यावर ॲप चालव, निम्मा भार उतरेल. आणि झोप. सबमिशन महिनाअखेरीला आहे, वहिनीनं सांगितलं, वेळ आहे. तू आळशी नाहीस, हे मला माहीत आहे. दहावीत ताप अंगात घेऊन पेपर दिलेली मुलगी आहेस तू.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी येते. स्वारगेटला उतरून कर्वेनगरला येईन, तू घ्यायला येऊ नकोस. माझ्याकडची मोठी हार्ड डिस्क आणतेय. आधी सगळ्याची प्रत त्यावर घेऊ, मग एक पेनड्राइव्हवर. त्यानंतर रविवारी त्या मुलाला येऊ दे, मी त्याच्याशी बोलेन, ओरडणार नाही. शेंगदाण्याची चटणी आणि तुला आवडतात त्या तिखट पुऱ्या आणतेय, मैत्रिणींनाही पुरतील इतक्या.

आणखी एक. मागच्या दिवाळीत तू आजीजवळ तीन दुपारी बसून तिचं बोलणं रेकॉर्ड केलंस, ते याच लॅपटॉपवर आहे ना? फोनवरचं तू काढून टाकलंस, असं दादा म्हणाला. त्यात ती जात्यावरच्या ओव्या म्हणते, असं तू आषाढात मला सांगितलं होतंस, तेराव्याच्या दिवशी, मागच्या अंगणात. मी तेव्हा काही बोलले नाही. तुझ्याकडे मागायचं धाडसही झालं नाही. शनिवारी प्रत काढून झाली की थोडं ऐकवशील? फार नको. ती मला हाक मारायची तेवढं कुठे आलं असेल, तर तेवढंच.

तुझी,
आत्या