एक विकर आणि चुलीवरची मिश्री

कर्करोग बाहेरून आत शिरतो अशी आपली समजूत असते. मी ज्याविषयी लिहीत आहे ते विकर (शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) मात्र आपल्या सर्वांच्या शरीरात असते. त्याचे नाव सीवायपी-१बी१. ५४३ अमिनो आम्लांच्या या साखळीचा शोध १९९४ मध्ये लागला. १९९७ मध्ये अनेक अवयवांच्या कर्करोगी गाठींत ते भरपूर सापडले. शेजारच्या निरोगी भागात जवळजवळ नव्हते.

एस्ट्राडायॉल या स्त्रीसंप्रेरकाचे काम झाले की शरीराला त्याची विल्हेवाट लावावी लागते. यकृतातील विकरे बहुधा त्याच्या रेणूच्या दुसऱ्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतात. ते फारसे बाधत नाही. स्तन, गर्भाशय यांत आढळणारे आपले विकर ती चौथ्या जागी बसवते. फरक दोन घरांचा! पण त्या पदार्थापासून पुढे क्विनोन बनते, आणि ते डीएनएला चिकटून त्यातील अक्षरे गाळून टाकते. दुसऱ्या एका विकराने वेळीच मिथाइल गट जोडला तर धोका टळतो. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत स्तनाचा कर्करोग व संप्रेरके यांचे नाते उंदरांवर तपासले, तेव्हा या विकराचे नावही जगाला ठाऊक नव्हते.

तरीही त्याला खलनायक ठरवणे मला पटत नाही. ते जन्मतःच सदोष असले तर तान्ह्या बाळाला काचबिंदू होऊ शकतो.

आता आमच्या मार्गासनीकडे वळतो. येथे पुष्कळ बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि त्या मिश्रीने दात घासतात. भाजताना बेंझोपायरीनसारखी द्रव्ये तयार होतात. ती पेशीत शिरली की पेशी हेच विकर जास्त बनवू लागते आणि ते विकर त्या द्रव्यांना घातक रूप देते. म्हणजे आपणच त्याला कामाला लावतो! पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूची सवय असणाऱ्यांत तोंडातील पांढरे चट्टे अधिक दिसले.

हे सगळे मी चुलतीला समजावले. ती म्हणाली, “मग त्या इकराला बंद करायचं औषध न्हाई व्हय रं?” प्रश्न बिनतोड होता. ते रोखणारी द्रव्ये प्रयोगशाळांत शोधली जात आहेत, एवढेच मला सांगता आले.