‘ती फाइल राहू द्या’

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. डोहाळजेवण पुण्यात उरकलं आणि आठव्या महिन्यात मी सातारा जिल्ह्यातल्या माहेरी आले. सोबत पुण्याच्या डॉक्टरबाईंची जाडजूड फाइल होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी ती उघडलीसुद्धा नाही. ‘‘ती फाइल राहू द्या. शेवटची पाळी कधी आली होती ते सांगा.’’ मी सांगितलं. माझी पाळी जवळपास सहा आठवड्यांनी येते, म्हणून पहिल्या सोनोग्राफीवरून तिकडे तारीख पुढे नेली आहे, हेही सांगितलं. त्यांनी टेबलावरची गोल चकती फिरवली, केसपेपरवर तारीख लिहिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या चकतीत काय असतं ते तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. पोट सांभाळत खुर्चीतून उठणाऱ्या बाईला ओरडणं किती जमतं, हे म्हणणाऱ्यांनी बघावं. चकती चालते नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या जुन्या नियमावर. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे साधारण 280 दिवस. पाळी 1 जानेवारीला आली असेल तर तारीख 8 ऑक्टोबर. पण हा हिशेब धरून चालतो की पाळी 28 दिवसांची आहे आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटलं. जिची पाळी 42 दिवसांची, तिचं बीज सुटतंच दोन आठवडे उशिरा. मग तिची तारीख येते 22 ऑक्टोबरच्या आसपास. चकतीला हे कळत नाही, ते ठीक आहे. चकती फिरवणाऱ्याला कळायला हवं.

त्यांच्या तारखेला मला भरती करून घेतलं. ‘‘दिवस भरले, पाणीही कमी होतंय.’’ रिपोर्टवर पाण्याचा आकडा 9 होता. 5 ते 25 हे ठीक मानतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ‘पाणी कमी’ एवढे दोन शब्द ऐकून आईच्या हातापायांतलं त्राण गेलं. माझे वडील काही विचारायला गेले, तर त्यांना ‘‘रिस्क तुम्ही घेणार का?’’ असं सुनावलं. या प्रश्नाला कोणता बाप ‘हो’ म्हणेल? कळा यायचं औषध लावलं. पिशवीचं तोंड काही उघडेना, उघडणार कसं, वेळच झाली नव्हती. शेवटी सिझर.

बाळाचा श्वास भराभर चालत होता. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, बाहेरून बालरोगतज्ज्ञ आले. त्यांनी बाळाला तपासलं, केसपेपर वाचला आणि विचारलं, ‘‘पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आहे का?’’ भावाने तीच फाइल घरून आणली, ज्या फाइलला इथे कोणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी एका कागदावर बोट ठेवलं. एकाच रिपोर्टवर दोन तारखा छापलेल्या होत्या: पाळीवरून अमुक, सोनोग्राफीवरून तमुक. खाली पुण्याच्या बाईंनी लाल पेनाने दुसरीला गोल केला होता. ‘‘म्हणजे अडतीस आठवडेच झालेत,’’ ते म्हणाले, तेही हळू आवाजात, कारण हॉस्पिटल त्यांचं नव्हतं. एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधी, कळा नसताना, सिझरने काढलेल्या बाळांना असा श्वासाचा त्रास जास्त होतो, हेही त्यांनीच समजावलं. बाळ सावरलं. मी अजून नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. उत्तर मिळालं, ‘‘पाळीची तारीख तुम्हीच दिली होती ना?’’

म्हणून सांगते, आणि जिला आत्ताच दिवस गेलेत तिने नीट ऐकावं. पहिली सोनोग्राफी चौदावा आठवडा लागण्याआधी करून घ्या. तेव्हा बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात आणि त्यावरून काढलेल्या तारखेत सहसा पाच-सात दिवसांपलीकडे चूक होत नाही. नवव्या ते तेराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत सात दिवसांहून जास्त फरक निघाला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची. एकदा ठरली की ती बदलायची नाही. आठव्या-नवव्या महिन्यातला रिपोर्ट वेगळीच तारीख दाखवेल. तेव्हा बाळं लहानमोठी असतात, दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतं. ठरलेली तारीख फाइलच्या वरच्या पानावर डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घ्या, आणि माहेरी जाण्याआधी माता-बाल संरक्षण कार्डावरही तीच आहे ना, ते बघा. माहेरच्या डॉक्टरांकडे सातव्या महिन्यातच एक फेरी मारा. ते जुनी फाइल उघडत नसतील, तर दुसरं दार शोधायला हातात वेळ राहतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात. दुसरं मत हवं असेल तर तिथे जा, लाजू नका.

याचा अर्थ तारीख उलटली तरी घरी बसून राहा असा नाही. एक्केचाळिसाव्या आठवड्यानंतर खरोखर लक्ष ठेवावं लागतं आणि बेचाळीस ओलांडू देत नाहीत. पण ते आठवडे खरे हवेत. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेचा वाद नंतर घाला, आधी दवाखाना गाठा.

बाकी तब्येतीचं म्हणाल, तर सल्ले द्यायला अख्खी आळी तयार होती. पपई नको, ग्रहणात सुरी धरू नकोस, दोन जिवांचं खा. हिमोग्लोबिन किती, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. ते 11च्या खाली घसरलं होतं, कारण नव्या चिठ्ठीवर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही रात्री जेवणानंतर लिहिली होती. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका, लिंबूपाणी चालेल. साखरेची तपासणी चुकवू नका. चाला, झोपा, पाणी प्या, हे सगळीकडे लिहिलेलं असतंच.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर ‘40 आठवडे, पूर्ण दिवस’ असं छापलं आहे. दुरुस्ती मागितली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘सिस्टीममध्ये तसंच आहे.’’ मग मी लेखी अर्ज करून सगळे कागद मागितले. पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत असा 2002 पासूनचा नियम आहे. अर्जाच्या आपल्या प्रतीवर ‘मिळाला’ असा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मला कागद मिळाले. पुण्याच्या सोनोग्राफीचा त्यात कुठेही उल्लेख नाही.