नाट्यविडंबन : भाषेचा एक पाठ
(इयत्ता सहावी व सातवीकरिता)

नाटकातील उतारा वाचून घ्यावा, कठीण शब्दांचे अर्थ सांगावेत आणि प्रश्नोत्तरांनी पाठ संपवावा, ही परिपाठी सर्वत्र रूढ आहे. तिच्यामुळे मुलांना कथानक कळते. परंतु लेखकाची शैली म्हणजे काय, याचा प्रत्यय येत नाही. तो प्रत्यय देण्याचे एक उत्तम साधन म्हणजे विडंबन होय.

मूळ कृतीची घडण कायम ठेवून तीत क्षुल्लक वा विसंगत विषय भरला म्हणजे विडंबन होते. पेणच्या मुलांना हे सहज पटविता येईल. गणेशमूर्तींचे कारखाने त्यांच्या नित्य पाहण्यातले आहेत. ज्याच्या हातात मूर्तीचे प्रमाण बसले आहे, तोच कारागीर तिला नवे रूप देऊ शकतो. तसेच ज्याने मूळ संवाद नीट जाणला, त्यालाच विडंबन साधते. नक्कल आवाजाची होते; विडंबन घडणीचे होते.

मराठीत आचार्य प्र. के. अत्रे यांचा, ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेला, ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्याचा संग्रह प्रसिद्ध आहे. अत्रे स्वतः प्रशिक्षित शिक्षक व मुख्याध्यापक होते आणि मुलांसाठी त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. विडंबनकाराची दृष्टी आणि शिक्षकाची दृष्टी यांत विरोध नाही.

नाटकाची निवड
या पाठासाठी राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ घ्यावे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले आणि हे नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले. अपमानाने खचलेला वकील सुधाकर, त्याला पहिला प्याला देणारा तळीराम आणि सर्व सोसणारी सिंधू यांची कथा शिक्षकांनी प्रथम थोडक्यात सांगावी. नंतर ‘आर्यमदिरामंडळा’च्या प्रवेशातील निवडक भाग मोठ्याने वाचावा.

पाठाचा क्रम
पहिल्या दोन तासिकांत वाचन व शोध व्हावा. लांब, तोलदार वाक्ये कोठे आहेत? एकच अक्षर पुनःपुन्हा कोठे येते? अतिशयोक्ती कोठे आहे? व्यसनाचे समर्थन पात्रे कोणत्या युक्तिवादाने करतात? मुलांनी शोधलेली वैशिष्ट्ये फळ्यावर लिहावीत.

तिसऱ्या तासिकेत विषय बदलावा. प्याल्याच्या जागी मोबाइलवरील खेळ ठेवून ‘एकच डाव’ हा प्रवेश गटांनी लिहावा. ‘अभ्यास झाला, म्हणून आनंदाचा एक डाव, झाला नाही, म्हणून दुःखाचा एक डाव!’ अशा एका वाक्याने आरंभ करून द्यावा व पुढील सबबी मुलांवर सोपवाव्यात. चौथ्या तासिकेत दुरुस्ती व तालीम, पाचव्या तासिकेत दहा मिनिटांचे सादरीकरण व्हावे. पोशाख वा पडदे यांची आवश्यकता नाही.

दोन दक्षता
पहिली दक्षता अशी की, हसे सबबींचे व्हावे, दुःखाचे नव्हे. वर्गात एखाद्या मुलाच्या घरी दारूचा जाच असू शकतो. त्याच्यासमोर झोकांड्या खाणारा दारुडा उभा करून सर्वांनी हसणे, हे शिक्षण नव्हे. विषय बदलण्याचे मुख्य कारण हेच आहे. त्याच कारणाने सिंधूचे प्रसंग विडंबनास घेऊ नयेत.

दुसरी दक्षता बोलीविषयी. नाटकात गावंढळ बोलणारा तो मूर्ख, हा ठसा फार जुना आहे. पेण व रोहे तालुक्यांतील शाळांत आगरी बोलणारी, तसेच कातकरी वाड्यांवरून येणारी मुले असतात. आपली भाषा ऐकून लोक हसतात, हे एकदा मनात बसले की मूल वर्गात बोलेनासे होते. येथे विडंबनाची योजना उलट करावी. भारदस्त, अलंकारिक भाषा सबबी सांगणाऱ्या पात्रांना द्यावी. त्यांचे पितळ उघडे पाडणारी आजी मात्र घरच्या बोलीत बोलावी. तिचे संवाद ती बोली घरी बोलणाऱ्या मुलांनीच लिहावेत व म्हणावेत. अशाने शहाणपण त्या बोलीच्या पदरी पडते आणि एरवी मागे बसणाऱ्या मुलावाचून प्रवेश पुरा होत नाही.

मूल्यमापन
प्रेक्षक किती हसले, यावर गुण देऊ नयेत. सादरीकरणानंतर मूळ उतारा पुन्हा एकदा वाचावा आणि आता त्यात नवीन काय दिसले, हे प्रत्येकाने चार ओळींत लिहावे. प्रथम वाचनात न दिसलेली एखादी खुबी मुलाने स्वतः टिपली असेल, तर पाठ सफल झाला असे समजावे. विडंबनाने थोर कृतीचा मान कमी होत नाही. ती पुन्हा वाचली जाते.