सालीचे मोल

भाजी चिरून झाली, की साली उकिरड्यावर जातात. बटाट्याची किंवा संत्र्याची साल जपून ठेवावी, असे कोणास वाटत नाही. परंतु ह्याच साली तेलाच्या विहिरीत उपयोगी पडू शकतील, असे संशोधकांना आढळून आले आहे.

तेलाची विहीर म्हणजे रुंद खड्डा नव्हे. ते जमिनीत शेकडो, कधी हजारो मीटर खोल जाणारे अरुंद छिद्र असते. पोकळ नळाच्या टोकाशी बसवलेले कठीण गिरमिट फिरत फिरत खडक पोखरते. त्या वेळी नळातून पातळ चिखल एकसारखा खाली सोडतात. तो नळाच्या बाहेरील बाजूने पुन्हा वर येतो. येताना तो खडकाचा चुरा वर आणतो, तापलेले गिरमिट थंड करतो आणि आपल्या भाराने भूगर्भातील वायूचा दाब थोपवून धरतो. हा दाब अनावर झाला, तर वायू उसळून पेट घेतो व कामगारांच्या प्राणांवर बेतते. चिखल दिसतो साधा, पण तोच विहिरीचा रक्षक होय.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील स्पिंडलटॉप येथे १९०१ साली विपुल तेल लागले. तेथे खोदताना वाळू ढासळू लागली, तेव्हा कारागिरांनी डबक्यात गुरे फिरवून चिखल तयार केला, असे सांगतात.

पुढे पाण्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती कालवून असा चिखल करण्याची रीत रूढ झाली. मात्र त्यातील पाणी सच्छिद्र खडकात झिरपले, तर विहिरीच्या कडेवर मातीचा जाड थर बसतो आणि नळ अडकतो. हे टाळण्यासाठी चिखलात निरनिराळी द्रव्ये घालतात. त्यांपैकी काही द्रव्ये माती व पाणी यांना अपायकारक असतात.

म्हणून मिसूरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ च्या सुमारास सालींवर प्रयोग केले. त्यांनी बटाट्याच्या आणि मँडरिन संत्र्याच्या सालींची पूड चिखलात मिसळली. नागपूरचे संत्रे ह्याच वर्गातले. चिखलावर दाब देऊन पाहता त्यातून पाणी कमी झिरपले. अशा पुडीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात व खडकाची छिद्रे बुजवतात.

तथापि साल कुजते. हा तिचा गुण आणि हाच तिचा दोष! कुजते म्हणून ती मातीत विषासारखी साचून राहत नाही. पण काम चालू असतानाच ती कुजली, किंवा खोलवरच्या उष्णतेने तिचे विघटन झाले, तर चिखलाचे बळ जाते. शिवाय घरोघरच्या साली निवडून गोळा करणे, वाळवणे व दळणे हे कष्टाचे काम आहे. प्रयोगशाळेत जे साधले, ते प्रत्यक्ष विहिरीतही टिकले पाहिजे.

एखादी वस्तू टाकाऊ ठरवणे सोपे असते. तिच्या अंगचा गुण पारखून तिला योग्य जागी योजणे, ह्यातच खरी बुद्धिमत्ता आहे.

स्वाध्याय

१. चिखलाला ‘विहिरीचा रक्षक’ का म्हटले आहे?
२. साल कुजणे हा गुण कसा व दोष कसा, ते सांगा.
३. तुमच्या घरातील एका टाकाऊ वस्तूचा उपयोग पाच ओळींत लिहा.