जुन्या फोनवर पान उघडते का?

डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत मी वेबसाइट तयार करून देतो. देवस्थाने, शाळा, काजू विकणारे, हरमल-मांद्रे पट्ट्यातले होमस्टेवाले, अशी गिऱ्हाइके. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना माझे पहिले सांगणे असते, की पान बनवणाऱ्याचा फोन नवा असतो आणि पान वाचणाऱ्याचा बहुतेक वेळा नसतो.

डिचोली तालुक्यातल्या एका देवस्थानाने जत्रेचे पान बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतले होते. दिसायला देखणे होते. जत्रेच्या तोंडावर मात्र समितीला फोन येऊ लागले, की पालखीची वेळ कुठे दिली आहे? जुन्या फोनवर पानाचा मथळा दिसायचा आणि खाली नुसते पांढरे. मला बोलावले तेव्हा कारण चटकन सापडले. वेळापत्रक स्क्रिप्टमधून भरले जात होते आणि त्या स्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह-टिंब ही नवी खूण वापरली होती. क्रोममध्ये ती 2020 च्या 80 व्या आवृत्तीपासून चालते. त्याआधीच्या क्रोमला ती कळत नाही आणि तो फक्त तेवढी ओळ वगळत नाही, अख्खी फाइलच टाकून देतो. एका खुणेपायी पालखी, महाप्रसाद, गाड्या लावायची जागा, सगळेच गेले.

त्याहून मोठा धडा पुढे होता. समितीतल्या एकाने भेट देणाऱ्यांचे आकडे दाखवले. त्यांत जुना ब्राउझर जवळपास नव्हताच. मग तक्रार कुणाची? हे आकडे मोजणारा कार्यक्रमसुद्धा स्क्रिप्टच असतो. तो जिथे चालत नाही, तिथला माणूस मोजलाच जात नाही. म्हणून आलेखावर विसंबू नका, सर्व्हरची नोंदवही मागून घ्या. पान उघडण्याची प्रत्येक मागणी तिथे ब्राउझरच्या नावासकट उतरलेली असते.

दुसरी फसगत क्रोममधल्या फोनच्या देखाव्याने होते. संगणकावर फोनची चौकट निवडली की पान अरुंद दिसते आणि मुले म्हणतात, ‘झाली चाचणी.’ त्यात बदलते ती पडद्याची रुंदी आणि ब्राउझर स्वतःचे सांगतो ते नाव. आतले इंजिन तुमचेच, ताजे असते. खरे इंजिन जुनेच हवे. विंडोज 7 वर क्रोम 109 व्या आवृत्तीला थांबला. अँड्रॉइड 6 वर 106 ला आणि 5 वर 95 ला. आयफोन 6 हा आयओएस 12 च्या पुढे जात नाही आणि आयफोनवर दुसरा ब्राउझर घातला तरी आत सफारीचेच इंजिन चालते. 2017 चा जिओफोन फायरफॉक्स 48 च्या इंजिनावर चालतो. त्याला ग्रिड मांडणी कळत नाही, पडदा 240 पिक्सेल रुंद आणि बोटाऐवजी बटणे.

एका होमस्टेच्या बाबतीत तर पाहुण्यांचे फोन नवे आणि मालकाचा संगणक विंडोज 7 चा निघाला. पान बनवणाऱ्या कंपनीने मांडणीच्या नियमांच्या पोटात नियम लिहायची नवी पद्धत वापरली होती. ती क्रोमच्या 112 व्या आवृत्तीपासूनची, त्यामुळे मालकाला बुकिंग स्वीकारायचे बटण बटणासारखे दिसतच नव्हते. पाहणाऱ्यांत मालकही येतो, हे चाचणीच्या यादीत लिहून ठेवा.

मराठीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. मी प्रत्येक पानावर तीन गोष्टी बघतो: ‘गाऱ्हाणे’, ‘ॲ’ आणि ₹. देवस्थानाच्या पानावर गाऱ्हाणे येणारच, आणि जुन्या फॉन्टमध्ये त्यातला ऱ्ह पाय मोडून उभा राहतो. ‘ॲ’ युनिकोडमध्ये 2008 साली आला, रुपयाचे चिन्ह 2010 साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन दिसतो. देणगीच्या आकड्यापुढे चौकोन दिसला तर भाविक पैसे कशाला पाठवील? तिथे सरळ ‘रु.’ लिहावे. आणि अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी मथळ्यांची हौस मराठीला लावू नये, शिरोरेषा तुटते.

कधी पान उघडतच नाही, ‘जोडणी सुरक्षित नाही’ एवढेच दिसते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे पुष्कळ जण वापरतात. त्यांना आधार असलेले जुने मूळ प्रमाणपत्र 30 सप्टेंबर 2021 ला संपले आणि नवे 7.1.1 च्या आधीच्या अँड्रॉइडच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत नाही. जुन्या फोनांसाठी केलेली सोयही 2024 मध्ये संपली. अशा फोनवर फायरफॉक्स घालून पाहा, तो स्वतःची यादी बाळगतो. त्याआधी फोनची तारीख तपासा. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेलेली असली तरी हीच सूचना येते.

साधने महाग नाहीत. घरोघरी कपाटात पडलेले फोन मागून आणा, चार्ज करा आणि त्यांना अपडेट करू नका. जे मिळत नाहीत त्यांच्यासाठी ब्राउझरस्टॅक आहे. खरे फोन दुरून वापरायला देणारी ही सेवा 2011 मध्ये मुंबईत आयआयटीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी सुरू केली. तरी हातातला फोन मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण अडकत चालणारे नेटवर्क आणि उन्हात न दिसणारी फिकट अक्षरे तिथेच कळतात.

पहिली चाचणी स्क्रिप्ट बंद करून घ्या. तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर एवढे तरी साध्या मजकुरात दिसलेच पाहिजे. मांडणी आधी साधी, एकाखाली एक लिहा आणि ग्रिड फक्त ज्याला कळते त्यालाच मिळेल अशी अट घाला. ब्राउझरचे नाव विचारू नका, ‘तुला हे जमते का’ असे विचारा. जुन्या फोनवर पान नव्यासारखे दिसावे हा हट्ट मी कधीच सोडला. कोपरे गोल नसले, सावली नसली तरी चालते.

इंटरनेट एक्सप्लोररसाठी आता मी वेळ घालवत नाही. 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टनेच तो बंद केला. कुठवर उतरायचे ते काम घेतानाच ठरवावे आणि करारात आवृत्तीच्या आकड्यासह लिहावे: अँड्रॉइड 6, विंडोज 7 वरचा क्रोम 109, आयओएस 12. त्याखालच्यांसाठी समितीला सांगावे, की वेळापत्रक कागदावर छापून देवळाच्या आणि पंचायतीच्या फलकावर लावा. तो कागदही मी त्याच बिलात करून देतो.