स्वप्नाचे वर्णन

डोळ्यांपुढील देखाव्याचे वर्णन थोडे उणे राहिले तरी चालते. ऐकणारा स्वतः जाऊन तो पाहू शकतो. स्वप्नाचे तसे नाही. ते पाहणारा एकटाच असतो. जे त्याच्या शब्दांत उतरले नाही, ते इतरांना कधीच कळत नाही.

एका मुलीने लिहिले : ‘स्वप्नात माझी वारलेली आजी दिसली. ती खूप छान दिसत होती. मला फार आनंद झाला.’ भावना खरी आहे. परंतु वाचकाला आजी दिसत नाही. ‘खूप छान’ हे शब्द कोणाच्याही आजीला लावता येतात. मग तिने पुन्हा लिहिले : ‘चुलीच्या तांबूस उजेडात आजी हळद वाटत होती. तिची बोटे पिवळी झाली होती. वरवंटा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. तिने माझा गाल कुरवाळला. तळहात खरखरीत व ऊबदार होता.’

येथे रंग दोनच आहेत, पण ते आजीचेच आहेत. आवाज न करणारा वरवंटा हे स्वप्न असल्याचे सुचवतो. आनंदाचा उल्लेखही नाही. तरी तो त्या स्पर्शातून वाचकापर्यंत पोहोचतो.

स्वप्न केवळ डोळ्यांचे नसते. जन्मांध माणसांनाही स्वप्ने पडतात. ती आवाज, स्पर्श, गंध यांनी भरलेली असतात. म्हणून काय दिसले याबरोबरच काय ऐकू आले, कशाचा स्पर्श झाला, हेही आठवावे.

रंग नेमका सांगावा. राखी, जांभळा, डाळिंबी, मोरपंखी ही नावे ओळखीच्या वस्तूंवरूनच आली आहेत. ती उच्चारताच वस्तू डोळ्यांपुढे येते. मात्र रंगांची उधळण नको. बालकवींनी (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या निसर्गकवितेत हिरवा, निळासावळा, पांढरा आणि काळा एवढेच रंग योजले आहेत. प्रत्येक रंग आपापल्या जागी असल्यामुळे सारे चित्र उभे राहते.

जाग येताच स्वप्न झपाट्याने विरते. म्हणून ते लगेच टिपून ठेवावे. जे आठवत नाही, ते रंगवू नये. ‘चेहरा आठवत नाही’ हे वाक्यही खऱ्या वर्णनाचाच भाग होय.

स्वाध्याय
१. मुलीच्या दुसऱ्या वर्णनात कोणकोणत्या इंद्रियांचे अनुभव आले आहेत?
२. वस्तूंवरून आलेली रंगांची आणखी पाच नावे लिहा.
३. आपल्या एका स्वप्नाचे ‘सुंदर’, ‘छान’, ‘खूप’ हे शब्द न वापरता सहा वाक्यांत वर्णन करा.