बोल्टाच्या डोक्यावरील आकडे

शिराळ्याच्या बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानी दोन बोल्ट शेजारी ठेवले, तर जाडी, लांबी व आटे यांत पुष्कळदा तिळमात्र भेद दिसत नाही. मात्र त्यांची डोकी न्याहाळावीत. एकावर ४.६, तर दुसऱ्यावर ८.८ असे आकडे उठवलेले असतात. ही किंमत नव्हे. हे त्या पोलादाचे बळ होय.

८.८ मधील पहिला ८ सांगतो, की बोल्टाच्या दर चौरस मिलिमीटर छेदावर सुमारे ८० किलोग्रॅम वजनाइतका ताण आल्याखेरीज तो तुटत नाही. दुसरा ८ सांगतो, की याच्या आठ दशांशापर्यंत, म्हणजे सुमारे ६४ किलोग्रॅमपर्यंत, ताणलेला बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येतो. पुढे तो कायमचा लांबतो. ४.६ च्या बोल्टात हेच आकडे ४० व २४ होतात.

मग नेहमी अधिक बळाचाच बोल्ट घ्यावा काय? याच सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीस, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. तेथील लोखंडी नांगर बैल ओढीत. फाळ खडकास अडला, की बैल थांबत. ट्रॅक्टरला ती जाण कोठली? म्हणून त्याच्या कित्येक नांगरांत एक बोल्ट मुद्दाम बेताच्या बळाचा ठेवतात. फाळ अडताच तो तुटतो व नांगर वाचतो. त्या जागी कोणी हौसेने १०.९ चा बोल्ट बसवला, तर बोल्ट टिकतो खरा. पण नांगराचा दांडाच वाकण्याचा संभव असतो. म्हणून जाणता शेतकरी तुटलेल्या बोल्टाचे डोके खिशात घालूनच दुकानी येतो आणि आकडा जुळवून नवा बोल्ट घेतो.